उभ्या गाडीला ठोकर आणि क्लेमचा हिशेब

गणपतीच्या दोन दिवस आधी रात्री मुंबईहून निघालेली गाडी सकाळी कसालला महामार्ग सोडते आणि मालवणच्या रस्त्याला लागते. मागे जवळपास ५०० किलोमीटरचा प्रवास झालेला असतो. पावसाची झोड, खड्डे, घाट, ट्रकांच्या रांगा हे सगळं पार करून गाडी एकही ओरखडा न घेता गावात पोचते. घरापर्यंत रस्ता नसतो, म्हणून चाकरमानी ती वाडीच्या तोंडाशी, जांभ्याच्या गडग्याला चिकटवून उभी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची काकी हाक मारते, "दादानू, बाहेर येवा बघया. तुमच्या गाडयेक रात्री कोणतरी ठोकून गेलो हा."

मागचा बंपर फाटलेला, दिव्याच्या काचा रस्त्यावर सांडलेल्या, पत्र्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा निळा रंग. ठोकणारा पसार. दहा मिनिटांत वाडी जमते आणि सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, "इन्शुरन्स आसा मां? मगे क्लेम कर, सगळा फुकट होतला." दुसरा म्हणतो, "क्लेम करू नको, बोनस जाता." दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायचं तर कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटं बसावं लागतं. तो हिशेब कसा मांडायचा, हे या प्रकरणात पाहू.

मालवणात हे इतकं का घडतं

मालवणची वस्ती मोटारीच्या कितीतरी आधीची. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली. समोरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या या गावाच्या वाटा माणसं, बैलगाड्या आणि माशांच्या पाट्या यांच्यासाठी होत्या. बाजारपेठेतून आजही दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग, चिवला इथे माणसं वाढली, त्यांच्याबरोबर गाड्याही वाढल्या, पण रस्त्यांची रुंदी त्या मानाने वाढली नाही. देवबागची तर गोष्टच वेगळी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रस्ता, घरं, माड आणि पर्यटकांच्या गाड्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवण जेटीजवळ उभ्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचाव्यात. जिल्ह्याची एमएच ०७, कोल्हापूरची एमएच ०९, बेळगावची केए २२, गोव्याची जीए, आणि मुंबई-पुण्याच्या तर मोजता येणार नाहीत. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला शेतात आणि माळरानावर गाड्यांचा समुद्र उसळतो. अशा गर्दीत मागे घेताना कुणाचा तरी कोपरा कुणाला तरी लागतोच. मालक होडीतून किल्ल्यावर गेलेला असतो किंवा दर्शनाच्या रांगेत उभा असतो. धक्का देणाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कुणी नाही असं दिसलं, की तो गाडी काढून निघून जातो.

आधी पुरावा, मग राग

सगळ्यात मोठी चूक पहिल्या अर्ध्या तासात होते. माणूस रागाने गाडी हलवतो, फुटलेल्या काचा पायाने बाजूला सारतो आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे निघतो. पुढे क्लेम करायचा ठरलं तर दाखवायला काहीच उरत नाही.

गाडी आहे तिथेच ठेवून आधी लांबून फोटो घ्यावेत. त्यात रस्ता, गडगा, दुकानाची पाटी असं आजूबाजूचं दिसलं पाहिजे. मग नंबरपाटीसह गाडीचे आणि शेवटी जवळून नुकसानीचे. पत्र्यावर लागलेला परका रंग आणि जमिनीवर पडलेला दुसऱ्या गाडीचा तुकडा हे मोलाचे पुरावे आहेत. रंग पुसू नये, तुकडा पिशवीत जपून ठेवावा. नंतर समोरच्या हॉटेलात, किराणा दुकानात, बँकेच्या एटीएमवर, जेटीवर कुठे सीसीटीव्ही आहे का ते पाहावं. बहुतेक ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुकानदाराला त्याच दिवशी, नीट शब्दांत विनंती करावी. मालवणी माणूस अशा वेळी सहसा नाही म्हणत नाही.

चित्रणात नंबर सापडला तर परिवहन खात्याच्या एमपरिवहन अॅपवर तो घालून त्या गाडीचा विमा चालू आहे की नाही हे पाहता येतं. नंबर मिळो न मिळो, पोलीस ठाण्यात नोंद मात्र करावी. ११२ वर फोन करता येतो किंवा थेट ठाण्यात जाता येतं. उभ्या गाडीचं किरकोळ नुकसान झालं आणि कुणाला इजा नसेल, तर विमा कंपनी गुन्हा नोंदवल्याची प्रत मागेलच असं नाही. पण तारीख, वेळ आणि जागा सांगणारी पोलिसांची नोंद हाती असली, तर उद्या कुणी तुमच्या सांगण्यावर शंका घेऊ शकत नाही.

विमा कंपनीलाही लवकर कळवावं आणि नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरने पाहेपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. गाडीचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की पोलिसांत लगेच खबर दिलेली असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येणार नाही. हा आधार मोठा आहे. तरी आपली बाजू सांभाळण्यासाठी न्यायालयापर्यंत जावं लागू नये, हेच बरं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. घटना कळवणं आणि पैसे मागणं ही दोन वेगळी कामं आहेत. कळवल्यावर कंपनी क्लेम क्रमांक देते, पण तेवढ्याने तुम्ही बांधले जात नाही. हिशेब करून क्लेम नको असं ठरलं, तर पैसे मिळण्याआधी ईमेलने तो मागे घ्यावा. 'रक्कम न देता बंद केला, बोनस कायम आहे' असं कंपनीकडून लेखी घ्यावं. तोंडी आश्वासनावर राहू नये.

कायदा कुणाच्या बाजूने आहे

'हिट अँड रन' म्हटलं की लोकांना जानेवारी २०२४ मधला ट्रकचालकांचा संप आठवतो. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध होता. अपघातात माणूस दगावला आणि चालक न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते पोटकलम. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण हे पोटकलम तेव्हा लागू केलं गेलं नाही. तसंच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली अज्ञात वाहनाने उडवलेल्या माणसासाठी भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. या दोन्ही तरतुदी माणसासाठी आहेत. बंपर फुटला म्हणून त्या भरपाईतून काही मिळत नाही.

मात्र कायदा उभ्या गाडीला वाऱ्यावर सोडत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तरी चालकावर जबाबदारी येते. पोलीस जागेवर नसतील तर त्याने २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन घटना सांगायची आणि आपल्या विमा कंपनीला लेखी कळवायचं. हे न करणाऱ्याला कलम १८७ खाली शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे.

पळालेला सापडला तर त्याच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमची भरपाई होऊ शकते. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. आपसांत मिटलं नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. सिंधुदुर्गकरांसाठी ते ओरोसला, जिल्हा न्यायालयात. पंधरा-वीस हजारांच्या कामासाठी तारखांना खेपा घालणं कुणाला परवडत नाही हे खरं. तरी नंबर आणि चित्रण हाती असलं की समोरचा माणूस बहुधा पहिल्याच फोनवर नमतो. म्हणूनच पुरावा आधी.

चूक कुणाची, हे बोनस विचारत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा पळालेला सापडला नाही. मग उरते आपलीच पॉलिसी. तिचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तो कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान झालं तर. तो आपल्या मर्जीचा. गावाकडे बऱ्याच जुन्या गाड्यांचा फक्त थर्ड पार्टी विमा असतो. अशा गाडीला कुणी ठोकून गेलं तर तिच्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही, मग क्लेमचा प्रश्नच मिटला.

पूर्ण पॉलिसी असेल तर तिथे 'नो क्लेम बोनस' नावाचं बक्षीस चालू असतं. एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. सलग दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नसते. तो दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी तो वर्षाला ३,४१६ रुपये आहे.

एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला सूट थेट शून्यावर येते आणि शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते. हे बक्षीस क्लेम न केल्याचं आहे, चूक न केल्याचं नाही. स्वतःच्या बेपर्वाईने खांबाला ठोकणारा आणि ज्याची गाडी इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून उभी होती तो, दोघांचा बोनस सारखाच जातो. मन हे मानत नाही. 'माझी काय चूक?' हा प्रश्न अगदी योग्य आहे, पण त्याचं उत्तर पॉलिसीत नाही. म्हणून क्लेमचा निर्णय न्याय-अन्यायाच्या तराजूत तोलू नये. तो पैशांच्या तराजूत तोलावा.

बोनस गमावण्याची खरी किंमत

बहुतेक लोक फक्त पुढच्या वर्षाचा हप्ता पाहतात. पण बोनस शून्यावर आल्यावर पूर्ववत व्हायला पाच वर्षं लागतात, आणि दरवर्षी थोडं थोडं नुकसान होत राहतं.

समजा यंदा तुम्हाला ३५ टक्के सूट आहे. क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षं सूट मिळेल ४५, ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केला तर मिळेल ०, २०, २५, ३५, ४५. दरवर्षीचा फरक ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२०. म्हणजे एका वर्षाच्या सूट वजा करण्यापूर्वीच्या ओन डॅमेज हप्त्याच्या १२० टक्के रक्कम, पाच वर्षांत विखुरलेली.

हाच हिशेब प्रत्येक पायरीसाठी करून ठेवला आहे. गाडी नवी असून अजून सूट सुरूच झाली नसेल, तर क्लेमची किंमत ५० टक्के. यंदा २० टक्के सूट असेल तर ८०. २५ असेल तर १०५. ३५ असेल तर १२०. ४५ किंवा ५० असेल तर १२५. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पॉलिसीच्या मागे पेनाने लिहून ठेवले तरी पुरे.

गाडी जुनी होते तशी तिची विमा किंमत घटते, त्यामुळे ओन डॅमेजचा हप्ताही उतरू शकतो आणि प्रत्यक्ष नुकसान यापेक्षा थोडं कमी भरतं. उलट क्लेमचा इतिहास पाहून काही कंपन्या मूळ दरच वाढवतात. दोन्ही बाजू धरल्या तर वरचे आकडे अंदाजाला पुरेसे आहेत.

कंपनी बिलातलं किती देते

दुसरं पारडं म्हणजे हाती येणारी रक्कम. ती बिलाएवढी कधीच नसते. प्रत्येक क्लेममधून आधी सक्तीची वजावट जाते. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीसाठी २,००० रुपये. मग घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात. प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर गाडीचं वय काहीही असलं तरी ५० टक्के. फायबरवर ३०. काचेवर काही नाही. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा रंगसामानाचा धरतात आणि त्याच्यावर ५० टक्के कापतात. मजुरी पूर्ण मिळते.

बंपर प्लॅस्टिकचा, आजच्या गाड्यांचे मागचे दिवेही प्लॅस्टिकचेच. उभ्या गाडीला लागलेल्या धक्क्यात नेमके हेच भाग फुटतात आणि त्यांचेच पैसे निम्मे मिळतात.

आता दोन बिलं मांडून पाहू. गाडी साडेचार वर्षांची, १,२०० सीसीची, यंदाची सूट ३५ टक्के, ओन डॅमेजचा मूळ हप्ता ७,००० रुपये. क्लेमची किंमत ७,००० च्या १२० टक्के, म्हणजे ८,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ९,९१२. म्हणजे ढोबळ दहा हजार.

पहिलं बिल जेटीजवळच्या धक्क्याचं. नवा बंपर ३,५००, रंगकाम ३,०००, बसवणं ५००. एकूण ७,०००. कंपनी बंपरचे १,७५०, रंगाचे २,६२५ आणि मजुरीचे ५०० मिळून ४,८७५ मान्य करील. १,००० वजा जाता हाती ३,८७५. दहा हजार गमावून पावणेचार हजार मिळवायचे! इथे क्लेम करू नये. बंपर बदलण्याऐवजी प्लॅस्टिक वेल्डिंग करून चालत असेल, तर कुडाळ-कणकवलीचा चांगला डेंटिंग-पेंटिंगवाला हेच काम आणखी कमी पैशांत करून देईल.

दुसरं बिल महामार्गालगत उभ्या गाडीला टेम्पोने घासून नेल्याचं. दरवाजा १२,०००, पुढचा फेंडर ४,०००, हेडलाइट ६,०००, आरसा ३,०००, मजुरी ५,०००, रंगकाम ८,०००. एकूण ३८,०००. कंपनी दरवाजाचे ७,८००, फेंडरचे २,६००, हेडलाइटचे ३,०००, आरशाचे १,५००, मजुरीचे ५,००० आणि रंगाचे ७,००० मान्य करील. एकूण २६,९००, वजावट जाता २५,९००. दहा हजारांच्या बोनसपुढे ही रक्कम अडीचपट आहे. इथे बोनसचा मोह धरून क्लेम सोडणं म्हणजे इतकी वर्षं भरलेला हप्ता पाण्यात घालणं.

या गाडीसाठी सीमारेषा हाती येणाऱ्या दहा हजारांवर आहे. तुमच्या गाडीची सीमारेषा तुमच्या हप्त्यावरून निघेल. रक्कम सीमारेषेच्या अगदी जवळ असेल, तर माझं मत क्लेम न करण्याकडे झुकतं. सर्वेअर आणि वर्कशॉप यांच्या फेऱ्या वाचतात आणि पॉलिसीचा इतिहास स्वच्छ राहतो.

हिशेब पालटणाऱ्या गोष्टी

काही बाबी असल्या तर वरची गणितं बदलतात. झीरो डेप्रिसिएशनचा पूरक विमा घेतलेला असेल तर घसारा कापला जात नाही आणि हाती येणारी रक्कम वाढते. मात्र वर्षाला असे किती क्लेम चालतील यावर बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते. त्यातला एक क्लेम किरकोळ ओरखड्यावर खर्च केला तर मोठ्या प्रसंगाला तो हक्क उरत नाही. बोनस सुरक्षित ठेवणारा पूरक विमा असेल तर क्लेम करूनही सूट टिकते. त्याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, त्या वाचाव्यात.

याच विमा वर्षात आधी एक क्लेम झालेला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. दुसऱ्या क्लेमने तो पुन्हा जात नाही. तेव्हा वजावट आणि घसारा जाऊन जे मिळेल ते घ्यावं.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेणार असाल, तर बोनसचं प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांपर्यंत तो नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता मोठा असतो, म्हणून ५० टक्के सूटही मोठी. अशा माणसाने किरकोळ क्लेम टाळावाच. उलट वयोमानाने गाडी चालवणं सोडणार असाल आणि नवी घेणार नसाल, तर त्या बोनसचा उपयोग संपला. मग निःशंक क्लेम करावा. आणखी एक: पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर बोनस क्लेम न करताच जातो.

कंपनी बदलताना जुना क्लेम लपवून बोनस घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नये. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते. खोटं उघड झालं तर ओन डॅमेजचं संपूर्ण संरक्षण जातं, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

खारी हवा आणि साठवलेले ओरखडे

क्लेम करायचा नाही याचा अर्थ दुरुस्ती करायची नाही असा नव्हे. देशावर एखादा ओरखडा वर्षभर तसाच राहिला तर फार बिघडत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्या पत्र्याला सोडत नाही. रंगाचा थर जाऊन पत्रा दिसत असेल तर गंज पकडतो, रंगाच्या आतून पसरतो आणि काही पावसाळ्यांत भोक पाडतो. गंज आणि झीज यांचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. म्हणून मोठं काम पुढे ढकललं तरी उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि रंगाचा हात लगेच मारून घ्यावा.

गॅरेजांत एक सल्ला सर्रास मिळतो: "आता राहू दे, आणखी दोन-तीन लागले की सगळे एकाच क्लेममध्ये बसवू." हा सल्ला घेऊ नये. प्रत्येक घटना हा वेगळा क्लेम असतो आणि प्रत्येकाला वेगळी वजावट लागते. जुना गंजलेला ओरखडा आणि कालचा धक्का यांतला फरक अनुभवी सर्वेअरला एका नजरेत कळतो. तीन घटना एकच म्हणून लिहून देणं ही खोटी माहिती आहे, आणि तिच्यामुळे खरा क्लेमही बुडू शकतो.

हॉटेलच्या आवारात उभी असताना

'पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जागोजागी दिसते. ती लावली की हॉटेल सुटलं, असं समजू नये. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात १९९८ साली दिल्लीच्या हॉटेलातून पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली की तिची वाजवी काळजी घेणं हॉटेलचं कर्तव्य होतं. स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी पाटी लावून किंवा पावतीवर छापून झटकता येत नाही.

होमस्टेच्या अंगणात आपणच गाडी लावली आणि किल्ली आपल्याच खिशात राहिली, तर मात्र हा आधार तितका लागू पडत नाही. तिथे मालकाकडे नुकसानीची मागणी करण्यापेक्षा चित्रण मिळवायला त्याची मदत मागावी. तीच जास्त उपयोगी पडते.

कंपनीने अडवलं तर

विमा प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार केवळ एखादा कागद नाही म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. रक्कम अन्यायाने कापली असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावं. दाद लागली नाही तर १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. सिंधुदुर्गासाठी ते पुण्यात आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. साध्या मराठी अर्जात सगळं लिहून, कागद जोडून पाठवावं.

दोन शब्द, दोघांना

ज्याची गाडी ठोकली गेली त्याला सांगायचं ते इतकंच. पुरावा जमवायला आणि कळवायला क्षणाचाही उशीर करू नका. क्लेमचा निर्णय मात्र हिशेब मांडूनच करा. हाती येणारी रक्कम एका बाजूला, बोनसचे जाणारे पैसे दुसऱ्या बाजूला. जे जड, ते धरा.

आणि ज्याच्या हातून गाडी लागली त्यालाही सांगायचं आहे, कारण गर्दीच्या गल्लीत मागे घेताना ती जागा आपल्यापैकी कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. ज्या खर्चाच्या भीतीने माणूस पळतो, तो खर्च बहुधा त्याच्याच थर्ड पार्टी विम्याने उचलला असता. तो विमा काढायला लावला आहे तो याचसाठी. तुमच्या गाडीच्या कप्प्यात एक कोरा कागद आणि पेन ठेवा. कधी कुणाच्या उभ्या गाडीला आपली गाडी लागलीच, तर नाव आणि फोन नंबर लिहून वायपरखाली अडकवा, आणि मगच निघा.